रोडिओत डोक्याला किंवा मानेला मार बसला तर: या चुका टाळा

अमेरिका आणि कॅनडातील रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसबांच्या स्पर्धेत, उसळत्या वळूवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचे असते. स्वार पडणार हे गृहीतच असते. म्हणून पडण्यापूर्वी आणि पडल्यानंतर होणाऱ्या चुकांकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

संरक्षक जाकिटावर सगळी भिस्त ठेवणे ही नेहमीची चूक आहे. 1989 मध्ये अमेरिकेतील शायेन येथे वळूच्या धडकेने स्वार लेन फ्रॉस्टचा मृत्यू झाल्यानंतर त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने हे जाकीट विकसित केले. ते छाती आणि बरगड्या सांभाळते, मान नाही. स्वार डोक्यावर आपटला की अंगाचा सारा भार मानेच्या मणक्यांवर येतो. 1995 चा जगज्जेता जेरोम डेव्हिस 1998 मध्ये टेक्सासमध्ये असाच जायबंदी झाला आणि त्याला कायमचा पक्षाघात झाला. हेल्मेट कवटी आणि चेहरा वाचवते, म्हणून टोपीऐवजी ते घालावेच. मात्र कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे मार लपवून त्याच दिवशी पुन्हा वळूवर बसणे. बहुतेक स्वार स्वतः प्रवेश शुल्क भरतात आणि जिंकले तरच कमावतात, त्यामुळे डोकेदुखी दडवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण आपण कोणत्या वळूवर बसलो होतो हे ज्याला आठवत नाही किंवा जो तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो, त्याच्या मेंदूला शुद्ध न हरपताही धक्का बसलेला असू शकतो. कॅनडाचा स्वार टाय पोझोबन याने 2017 मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी आत्महत्या केली. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांशी निगडित ऱ्हास आढळला. लक्षणे पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, टप्प्याटप्प्याने परतावे.

पडलेल्याला हात धरून उभे करण्याची घाईही नको. वळू बाहेर गेला असेल आणि श्वास चालू असेल, तर एकाने डोके दोन्ही तळव्यांत स्थिर धरावे, हेल्मेट ओढून काढू नये आणि वैद्यकीय पथकाची वाट पाहावी. हातपाय बधिर होणे, वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झटके किंवा गुंगी दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.