जखमेवर हळद भरण्याआधी थांबा: घरगुती उपचारातल्या या चुका टाळा

माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. बोट कापलं की ते चिमूटभर हळद दाबून भरायचे आणि पुन्हा मागावर उभे राहायचे. रक्त थांबायचं, पण हळदीखाली मशीनचं तेल आणि कापसाचे तंतू तसेच राहायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोट ठसठसायला लागायचं.

सगळ्यात मोठी चूक हीच, न धुता काहीतरी भरणं. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधेच उघडून बघू नका. रक्त थांबलं की जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि कडेची तेलकट कातडी साबणाने धुवा. मिठाचं पाणी करायचं तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ पुरतं. जास्त घातलं तर नुसती आग होते. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, शिवाय तिच्या पिवळेपणात जखमेची लाली दिसत नाही. चहा पावडर, चुना, बिडीची राख तर नकोच.

मध खरंच गुणाचा आहे. तो जखमेतलं पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो आणि ओल लागली की त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. त्यामुळे जंतूंना वाढता येत नाही. पण बाटलीतल्या खायच्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठी निर्जंतुक केलेला औषधी मधच घ्या. बोटाने पातळ थर फासला तर पाझरणाऱ्या पाण्यात तो विरून जातो, म्हणून गॉजवर जाडसर पसरून बांधा आणि पट्टी भिजली की बदला.

साध्या, स्वच्छ जखमेला तेवढाही खर्च नको. 1996 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर अँटिबायोटिक मलम आणि साधी पेट्रोलियम जेली यांची तुलना झाली, तेव्हा संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. जेली लावा आणि झाकून ठेवा. ‘उघडी ठेव, वाळू दे, खपली धरू दे’ हा आपल्याकडचा सल्ला चुकीचा आहे. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, हे 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. मात्र कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या झाल्या तर पट्टी लवकर बदला.

मधुमेह्याच्या पायाची जखम घरी ठेवूच नका, मग ती कितीही छोटी असो. कुत्रा चावला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, वर हळद-चुन्यासारखं घरगुती काहीही न लावता लगेच रेबीजच्या लसीसाठी जा. गंजलेल्या पत्र्याने कापलं किंवा जखमेत माती गेली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, मधाने ते काम होत नाही.

लाली वाढतेय का हे कळत नसेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा. सकाळी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टर देतील ते अँटिबायोटिक घ्या.