बडोद्याहून रामेश्वरमला : काइटसर्फिंगचे पहिले धडे

उत्तरायणात गच्चीवर वाढलेल्या बडोदेकराला पतंग नवा नसतो, पण काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ, शिकताना हाताची एक जुनी सवय त्याला मोडावी लागते. पेच लागला की आपला हात आपोआप खेचतो. येथे घाबरून बार (पतंगाच्या दोऱ्या जोडलेला, हातात धरायचा आडवा दांडा) स्वतःकडे ओढला, तर पतंगाचा जोर वाढतो आणि माणूस पाण्यावरून फरफटत जातो. बार सोडला की जोर बराच ओसरतो. तेवढ्याने भागले नाही, तर पतंग ज्याला जोडलेला असतो त्या कमरपट्ट्यासमोरची सुटकेची कळ दाबावी. ही कळ डोळे मिटूनही सापडली पाहिजे, म्हणून किनाऱ्यावरच ती पुन्हा पुन्हा दाबून पाहावी.

आपल्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. पण तेथील मोठी भरती-ओहोटी, वेगवान प्रवाह आणि चिखल पाहता नवशिक्याने तेथे उतरू नये. रामेश्वरमच्या किनाऱ्यांवर कमरेएवढे, उबदार आणि जवळजवळ लाटाविरहित पाणी मिळते. पडल्यावर पाय टेकतात, आणि शिकणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. साधारण मे ते सप्टेंबरमध्ये नैऋत्येचा आणि डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचा वारा भरवशाचा असतो. दिवाळीच्या सुटीत मात्र तिकडे पावसाळा असतो, तेव्हा बेत उन्हाळ्याच्या सुटीचा करावा. मदुराईपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने जाऊन पुढचे सुमारे १७० किलोमीटर रस्त्याने जाता येते.

निघण्यापूर्वी पोहण्याचा सराव करावा. दोन दोऱ्यांचा छोटा सरावपतंग मिळाल्यास नवलखी मैदानासारख्या मोकळ्या जागेत, माणसांपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, तो उडवून पाहावा.

शिकण्यासाठी १२ ते २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ ते ३७ किलोमीटर, असा एकसारखा वारा योग्य. तो किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे वाहणारा असावा. जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल, तर कितीही मोह झाला तरी पाण्यात उतरू नये.

प्रशिक्षक आकाशाची मांडणी घड्याळासारखी सांगतात : वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर डोक्यावर १२, डावीकडे ९ आणि उजवीकडे ३. पतंग कडेला किंवा १२ वर शांत असतो, तर समोर खाली आला की सर्वाधिक ओढतो. हे अंगवळणी पडल्यावर फळीशिवाय, केवळ शरीराने पाण्यातून ओढले जाण्याचा सराव होतो. तो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण निसटलेली फळी वाऱ्याच्या विरुद्ध जाऊन याच पद्धतीने परत मिळवायची असते.

त्यानंतर फळीवर उभे राहणे. पतंग १२ वर ठेवून पाण्यात बसावे, पाय पट्ट्यांत अडकवावेत आणि गुडघे छातीशी घ्यावेत. जायच्या दिशेला पतंग झपकन खाली झुकवला की ओढ लागते. तेव्हा फळीचे टोक वारा जिकडे वाहतो तिकडे किंचित वळवून अंग आपोआप वर उचलू द्यावे. बहुतेक जण येथेच घाई करतात, पाय आधीच ताठ करतात आणि तोंडावर पडतात. नजर फळीवर नव्हे, जायच्या दिशेला हवी. उभे राहिल्यावर वजन टाचांवर घ्यावे.

हे सारे प्रमाणित प्रशिक्षकाकडेच, शिरस्त्राण आणि तरंगजाकीट घालून शिकावे. सलग तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत, कारण वारा नसलेला दिवस वाया जातो. खोल पाण्यात पतंग पडल्यास दोऱ्या गुंडाळून, त्याच्याच फुगीर कडेचा आधार घेत किनारा गाठणे जमेपर्यंत, भाड्याने साहित्य घेऊन एकट्याने उतरू नये.