पोर्टचा स्पीड पक्का करण्याआधी दुसरं टोक बघा

नेटवर्कवर पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणारा छोटा संदेश) व्यवस्थित जातंय, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं रखडतं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात यापायी आम्ही दोन दिवस केबलच बदलत होतो. दोष सेटिंगमध्ये निघाला. मॅनेज्ड स्विचचा (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा नेटवर्क स्विच) पोर्ट कुणीतरी १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा) असा हाताने पक्का केलेला आणि पलीकडचं मशीन ऑटोवर, म्हणजे समोरच्या टोकाशी बोलून स्पीड आणि डुप्लेक्स आपणच ठरवणारं. अशा वेळी ऑटोवाल्या टोकाला स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेनं डेटा) धरून चालतं. पोर्टच्या काउंटरमध्ये हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणारी डेटाची टक्कर) आणि फुलवाल्या बाजूला सीआरसी एरर (डेटा खराब होऊन पोचल्याची नोंद) वाढताना दिसले, तर पहिला संशय इथेच घ्या.

दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा, नाहीतर दोन्ही सारखीच पक्की करा. तांब्याच्या केबलवर गिगाबिट (१००० एमबीपीएस) हवं असेल तर ऑटोच. त्या मानकात ते सक्तीचं आहे. आणि ज्या पोर्टातून तुम्ही स्विचमध्ये शिरला आहात, त्याला दुरून हात लावू नका, तुमचंच कनेक्शन तुटेल.

शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह करा. बऱ्याच स्विचमध्ये लाइन गेली की सेव्ह न केलेले बदल पुसले जातात, आणि ऐन मे महिन्यात नागपुरात लाइन जायला वेळ लागत नाही.