जर्मन अंमलाखालचे फ्रेंच सिनेमे पाहायचे तर आधी श्रेयनामावली वाचा

पहिल्यांदा 'ले व्हिझितर द्यु स्वार' (१९४२) पाहिला, तेव्हा शेवटाला मी चक्क टाळ्या वाजवल्या. सैतान प्रेमी जोडप्याचा दगडी पुतळा करतो, तरी आतून हृदयाची धडधड ऐकू येतच राहते. सैतान म्हणजे हिटलर, धडधड म्हणजे फ्रान्स; सुटलं कोडं! नंतरच्या चर्चेत मी हे इतकं ठासून सांगितलं की आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं. अर्थ चुकीचा होता असं नाही. पण त्या एका किल्लीने मी पुढची दोन वर्षं दिसेल ते कुलूप उघडत सुटलो. तुम्ही असं करू नका.

१९४० ते १९४४ या काळात फ्रान्समध्ये सुमारे २२० कथापट निघाले. त्यातला कुठलाही घ्या; कथेकडे वळायच्या आधी पैसा कुणाचा ते पाहा. 'काँतिनेंताल' हे नाव दिसलं तर कंपनी पॅरिसमधली, पण भांडवल जर्मन आणि प्रमुख आल्फ्रेड ग्रेव्हेन. तिने ३० चित्रपट काढले. आता लगेच 'म्हणजे प्रचारपट' असा शिक्का मारू नका. १९४२ मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझवरचा 'ला सिंफोनी फांतास्तिक' पाहून हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स भडकला होता, कारण चित्रपट फारच चांगला आणि फारच फ्रेंच झाला होता! फ्रेंचांसाठी हलकेफुलके, उथळ सिनेमे निघावेत अशी त्याची इच्छा. ग्रेव्हेनला मात्र चांगले सिनेमे हवे होते. या दोघांच्या फटीत बरंच काही मावलं. ज्यू आणि वर कम्युनिस्ट असलेला पटकथाकार जाँ-पॉल ल शानुआ याच जर्मन कंपनीसाठी लिहीत होता.

मग नावं वाचा, आणि कुणाची नाहीत तेही शोधा. ऑक्टोबर १९४० च्या कायद्याने ज्यूंना चित्रपट व्यवसायाची दारं बंद झाली, आणि परवानापत्राशिवाय सेटवर काम मिळेना. 'लेझाँफाँ द्यु पारादी'चं नेपथ्य अलेक्सांद्र त्रोनेरने लपून राहून आखलं, जोझेफ कोस्माने तसंच लपून संगीत दिलं. कागदोपत्री मात्र दुसऱ्यांची नावं होती. चित्रपट मार्च १९४५ मध्ये, पॅरिस मुक्त झाल्यावर लागला, म्हणून श्रेयनामावलीत या दोघांची नावं आली, तीही 'भूमिगत राहून केलेलं काम' असा उल्लेख करून. मी दर वेळी तिथे चित्रपट थांबवतो. घरचे वैतागतात.

आता 'ल कोर्बो' (१९४३). एक तरी पाहायचाच असेल तर हा. काँतिनेंतालचा, दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो. एका गावात निनावी पत्रं येऊ लागतात आणि जो तो शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. त्या वर्षांत खरोखरची निनावी पत्रं जर्मनांकडे आणि पोलिसांकडे ढिगाने जात होती, हे डोक्यात ठेवून पाहा. एका प्रसंगात म्हातारा डॉक्टर टांगलेल्या दिव्याला झोका देतो. उजेड-अंधार भिंतीवरून, चेहऱ्यांवरून सरकत राहतात. तो विचारतो, उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो? तरुण डॉक्टर दिवा थांबवायला हात घालतो आणि बोटं पोळून घेतो. हा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहा. ना नाझी, ना प्रतिकार, तरी त्या काळाची घुसमट तिथे जितकी जाणवते तितकी दगडी पुतळ्यातही जाणवत नाही, असं आता माझं मत आहे.

हा चित्रपट फ्रेंचांची बदनामी करतो असं म्हणत जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीची भूमिगत वृत्तपत्रं तुटून पडली. मुक्तीनंतर क्लुझोवर आजन्म बंदी आली. ती पुढे कमी झाली आणि १९४७ मध्ये तो परतला. निकाल लावायची घाई आपणही करतोच, म्हणून चित्रपट पाहून होईपर्यंत हे प्रकरण वाचू नका.

प्रेक्षकही विसरू नका. अमेरिकन सिनेमे बंद, घरात कोळसा नाही, म्हणून थिएटरं भरलेली. जर्मन वार्तापट लागला की लोक हुर्यो उडवत, म्हणून तो दिवे अर्धवट लावून दाखवायचे. ओरडणाऱ्याचं तोंड दिसावं म्हणून.

शेवटी 'लेझाँफाँ'कडे परत या. त्यात जेरिको नावाचा जुने कपडे विकणारा, चुगलखोर म्हातारा आहे. ही भूमिका मुळात रोबेर ल व्हिगाँकडे होती. तो नाझींचा उघड समर्थक. जर्मनांचे दिवस भरले तसा तो जर्मनीतल्या झिग्मारिंगेनला पळाला. मग पियेर रन्वार आला आणि जेरिकोचे प्रसंग पुन्हा चित्रित झाले. जेरिको पडद्यावर आला की त्याच्या मागचं नेपथ्य नीट बघा. ते त्रोनेरचं आहे.