पेस्ट्री शिकायला पॅरिसला जाताय? मग पुण्यात असतानाच एवढं करून घ्या

पेस्ट्री शिकायला फ्रान्सला जायचं ठरलं की सगळं डोकं फी, लोन आणि व्हिसात अडकतं, आणि ते साहजिकच आहे, घरचे एवढे पैसे घालणार म्हटल्यावर टेन्शन येणारच. पण तिथे गेल्यावर मुलं दमतात ती वेगळ्याच गोष्टींनी. पाय दुखतात, झोप पुरत नाही, शेफ काय म्हणाला ते कळत नाही. मी पॅरिसला शिकून आले, आता कोथरूडला काम करते, आणि सारखं कोणी ना कोणी विचारायला येतं म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी कोर्सचं बघू. ल कॉर्दों ब्ल ही पॅरिसची स्वयंपाकाची शाळा १८९५ पासूनची आहे, तिथे डेमो फ्रेंचमध्ये होतो आणि सोबत इंग्रजी भाषांतर चालू असतं, फेरांदी नावाच्या दुसऱ्या शाळेतही इंग्रजीतून पेस्ट्रीचा प्रोग्राम आहे. दुसरा रस्ता म्हणजे सेआपे पातिसिए, हा फ्रान्स सरकारचा डिप्लोमा, याची परीक्षा फ्रेंचमध्येच द्यावी लागते. परत येऊन पुण्यात स्वतःचं काही काढायचं असेल तर इंग्रजीवाला कोर्स चालेल, पण तिथल्या दुकानात काम करायची इच्छा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की आधी अलियान्स फ्रान्सेजला, म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत, जाऊन फ्रेंच पक्कं करा, त्यासाठी जाणं सहा महिने पुढे गेलं तरी चालेल. आणि कोर्स संपल्यावर वर्षभर तिथेच थांबून नोकरी शोधू असं धरून चालू नका, ती सोय ठरावीक पातळीच्या पदव्यांनाच मिळते, त्यामुळे फी भरायच्या आधी शाळेला मेल करून लेखी उत्तर घ्या.

आता हाताची तयारी. आजपासून कप आणि चमचे बंद करा, सगळं ग्रॅममध्ये मोजा, अंडीसुद्धा. साधारण मध्यम अंडं कवच काढून ५० ग्रॅम, त्यात पिवळं २० आणि पांढरं ३०, हे डोक्यात बसलं पाहिजे कारण तिथल्या रेसिपीत "७० ग्रॅम पिवळं" असंच लिहिलेलं असतं. मैद्याचंही तसंच, फ्रान्समध्ये टी४५, टी५५, टी६५ असे नंबर असतात आणि तो नंबर पिठातल्या राखेच्या प्रमाणावरून येतो, प्रोटीनवरून नाही. म्हणजे नुसता नंबर बघून पीठ किती ताकदीचं आहे ते कळत नाही, पाकिटावरचं प्रोटीन वाचायची सवय इथेच लावा, मैदा घेतानाही.

क्रोसाँची प्रॅक्टिस मात्र मे महिन्यात करू नका, प्लीज. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे किचन गार असतं तेव्हा करा. आपण चिरोट्याला साटा लावतो तेच तत्त्व आहे, फक्त इथे साट्याऐवजी बटरची अखंड लादी असते आणि ती शेवटपर्यंत अखंड राहायला हवी. बटर १२ ते १४ डिग्रीला असताना लादी हातात धरून हळू वाकवून बघा, ती न तुटता वाकली पाहिजे आणि बोटाला चिकटता कामा नये. तुटत असेल तर लाटताना आत तिचे तुकडे होतात, वरून काहीच दिसत नाही, भाजून कापल्यावर कळतं की थर मधेच गायब आहेत. फार मऊ असेल तर बटर कणकेत मुरतं आणि क्रोसाँचा पाव होतो. फुगायला ठेवाल तिथेही २६-२७ डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ट्रेमध्ये बटरचं तळं साचतं. आणि रोजचं मिठाचं पिवळं बटर वापरू नका, अनसॉल्टेड आणा. फ्रान्समध्ये साध्या बटरमध्येच कमीत कमी ८२ टक्के फॅट असतं, लॅमिनेशनचं, म्हणजे असे थर लाटायचं, वेगळं मिळतं ते साधारण ८४ टक्क्यांचं, त्यामुळे तिथे गेल्यावर हेच काम एकदम सोपं वाटायला लागतं, खरंच.

चॉकलेट टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानाला आणणं, जमत नाही म्हणून इथे रडायची गरज नाही, डार्क चॉकलेट ३१-३२ डिग्रीला वापरायचं असतं आणि आपली खोलीच ३५ ला असेल तर ते सेट कसं होणार. एसी लावा नाहीतर ते तिथेच शिका.

किचनमधले काही शब्द जायच्या आधी तोंडपाठ करा. क्यू-द-पूल म्हणजे मिक्सिंगचं गोल वाडगं, मारीझ म्हणजे सिलिकॉनचा स्पॅच्युला, कॉर्न म्हणजे वाडगं पुसून घ्यायचा प्लॅस्टिकचा तुकडा, प्लाँज म्हणजे भांडी घासायची जागा, आणि तिथे तुम्ही भरपूर वेळ घालवणार आहात. गरम ट्रे घेऊन जाताना "शो!" ओरडायचं आणि कोणाच्या मागून जाताना "देरिएर!". लाजू नका, न ओरडता गेलात तर कोणीतरी भाजतं.

राहायची जागा शोधताना भाडं बघताच, पण पहिली मेट्रो कधी असते तेही बघा. पॅरिसमध्ये ती पहाटे साडेपाचच्या आसपास सुटते आणि स्टाज, म्हणजे इंटर्नशिप, एखाद्या बुलाँजरीत (पावाच्या बेकरीत) मिळाला तर शिफ्ट त्याच्याही आधी सुरू होऊ शकते, मग रात्रीची बस नाहीतर वेलिबची, म्हणजे शहरात भाड्याने मिळणारी, सायकल. म्हणून शाळेच्या जवळ किंवा रात्रीच्या बसच्या रूटवर असलेली खोली थोडी महाग पडली तरी घ्या. सहाव्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या पिटुकल्या खोल्या स्वस्त असतात, पण आठ तास उभं राहून आल्यावर ते जिने चढायचेत हा विचार करून हो म्हणा. शूजमध्ये अजिबात काटकसर नको, न घसरणारे, पुढे टणक टोपी असलेले, आणि जायच्या महिनाभर आधी घरात घालून सैल करून घ्या. युनिफॉर्म आणि सुऱ्या फीमध्ये येतात का ते विचारा, आणि सुऱ्या नेत असाल तर चेक-इन बॅगेतच.

जेवणाचं सांगते. दिवसभर क्रीम आणि साखर चाखून संध्याकाळी फक्त वरणभात हवासा वाटतो. बऱ्याच खोल्यांत गॅस नसतो, इलेक्ट्रिक शेगडी किंवा इंडक्शन असतं, म्हणून कुकर नेताना बूड इंडक्शनचं आहे ना ते बघा, छोटा तीन लिटरचा पुरतो. डाळ, कढीपत्ता, मसाले पॅरिसच्या ला शापेल भागात मिळतात, इथून पाच किलो तूरडाळ वाहून नेऊ नका, गोडा मसाला मात्र न्या, तो घरचाच लागतो.

शाकाहारी असाल तर हे आईबाबांसमोर बसून आधी बोला. अंडं तर सगळीकडे आहेच, मूसमधलं जिलेटिन बहुतेक वेळा डुकराचं असतं, आणि काही कोर्समध्ये बेकन घातलेला कीशही (अंडं-क्रीमचा खारा टार्ट) शिकवतात. चाखल्याशिवाय चव सुधारत नाही, त्यामुळे काय चाखणार आणि काय नाही ते स्वतःशी ठरवा आणि पहिल्याच दिवशी शेफला साध्या शब्दांत सांगा. उपवासाच्या दिवसाचंही तसंच.

कागदपत्रांत आधी कॅम्पस फ्रान्सची (फ्रान्समध्ये शिकायला जाणाऱ्यांसाठीची सरकारी संस्था) प्रोसेस, मग व्हिसा. विद्यार्थ्यांचा लाँग स्टे व्हिसा असेल तर पोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करावाच लागतो, हे विसरायचं नाही. विद्यार्थ्यांना वर्षाला ९६४ तास काम करता येतं, पण क्लास आणि स्टाज सांभाळून तेवढं झेपेल असं धरून बजेट करू नका. स्टाज दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर कायद्याने मानधन द्यावं लागतं, त्यामुळे कराराचा कागद सही करायच्या आधी तारखा नीट वाचा, कळत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि स्टाज संपायच्या आठवड्यातच शेफकडून शिक्का आणि सहीचं पत्र मागून घ्या, त्यात तुम्ही कोणत्या विभागात काम केलं ते लिहायला सांगा, तुराज (थरांची कणीक लाटणं), क्रीम, चॉकलेट जे असेल ते, कारण पुण्यात परत आल्यावर हॉटेलवाले तेच विचारतात आणि तेव्हा फ्रान्सला मेल करून उत्तराची वाट बघत बसावं लागतं.