प्रेअरीवर विलो लावताय? काडी खोल पुरा

"विलो काय, काडी खोचली की जगते" हे कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानी भागात, रेजायना शहरात आल्यापासून इतक्यांनी ऐकवलंय की आता डोकंच सटकतं. आपल्याकडचा वाळुंज याच घराण्यातला, तोही नदीकाठी कसाही फुटतो, पण इथे मेमध्ये जो कोरडा वारा सुटतो त्यात नुसती खोचलेली काडी टिकत नाही.

जात अ‍ॅक्यूट विलो नाहीतर लॉरेल लीफ विलो घ्या, इथल्या शेल्टरबेल्टमध्ये, म्हणजे वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगांमध्ये, मुरलेल्या आहेत. फोटो बघून वीपिंग विलो आणू नका, उणे 40 ला फांद्या जळतात.

मार्चअखेर, झाड झोपेत असतानाच पेन्सिलीएवढ्या जाड, 25-30 सेंमी काड्या कापा, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजमध्ये. लावायच्या आधी एक-दोन दिवस पाण्यात.

आता खरी गोष्ट. पहिल्या वर्षी मी अर्धी काडी वर ठेवली होती, पंधरा दिवसांत छान पालवी आली, घरी फोटोसुद्धा पाठवले, आणि जूनमध्ये सगळ्या वाळल्या. उपटून बघितलं तर एकीलाही मूळ नाही! पालवी काडीतल्या साठ्यावर आलेली असते, मुळं नंतर फुटतात, आणि तोवर वारा वरच्या भागातून सगळी ओल ओढून घेतो. म्हणून पालवी दिसली म्हणजे काडी लागली असं अजिबात समजू नका. पूर्ण काडी जमिनीत घाला, डोळे वरच्या दिशेने, फक्त एक, फार तर दोन डोळे बाहेर. जमीन वितळून वापसा आला की लगेच लावा आणि माती टाचेने घट्ट दाबा, आत पोकळी राहिली तर तिथे मूळ धरत नाही. वाईट वाटतं एवढं पुरताना, पण पुराच.

दुसरा शत्रू गवत. तीन वर्षं भोवती मीटरभर जागा स्वच्छ हवी. लाकडाचा भुसा टाका पण खोडाला चिकटवू नका, हिवाळ्यात उंदीर त्यात राहून साल खातात. सशांसाठी जाळी, बर्फाच्या थराच्या वरपर्यंत.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी, ऑगस्टच्या मध्यापासून कमी करा म्हणजे नवं लाकूड पक्कं होतं, पानं गळल्यावर जमीन गोठायच्या आधी एकदा खोल पाणी. घर आणि सेप्टिक टँकपासून 15 मीटर तरी लांब लावा.

पुढच्या वसंतात शेंडे काळे दिसले तरी जूनपर्यंत कात्री लावू नका, खालचे डोळे उशिरा फुटतात.