बाईकवर जादा पेट्रोल नेताय? या चुका टाळा

आधी एक सांगतो भाऊ, निम्म्या लोकांना कॅनची गरजच नसते. हिरोच्या एक्सपल्स बाईकची टाकी १३ लिटरची, घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी २८ च्या ॲव्हरेजवर आली तरी साडेतीनशे किलोमीटर निघतात, मग शहाद्याला टाकी फुल करून तोरणमाळला जाऊन यायला कॅन कशाला? धडगाव-मोलगीकडे आडरस्त्यांनी दोन दिवस भटकायचं असेल तर घ्या, तेही दोन-तीन लिटर बास.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पाण्याची बाटली. झाकण पेट्रोलसाठी बनवलेलंच नसतं, गचक्यांनी ढिलं होतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात स्वतःच्या वापराचं ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसन्सशिवाय ठेवता येतं, पण भांडं धातूचं पाहिजे, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंतच. म्हणून पंपवाला बाटलीत देत नसेल तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो बरोबर आहे.

दुसरं, कॅन गळ्यापर्यंत भरणं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो आणि उन्हातला कॅन त्याहून तापतो. पाच लिटर पेट्रोल २० डिग्रीने तापलं की साधारण १०० मिली वाढतं, वर वाफेचा दाब वेगळाच, त्यामुळे वरचा दहावा हिस्सा रिकामा सोडा. आणि कॅन सीटवर बांधलेला असताना भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवून नोझल तोंडाला टेकवून भरायचा, नाहीतर स्टॅटिकची, म्हणजे घर्षणाने साठलेल्या विजेची, ठिणगी पडू शकते.

बांधताना सायलेन्सरची बाजू सोडा, वजन खाली ठेवा. पाठीवरच्या बॅगेत तर अजिबात नको, पडलात तर कॅन अंगाखालीच. टाकीत जागा झाली की कॅन लगेच ओतून मोकळा करा, शेवटच्या थेंबापर्यंत जपून फिरवण्यात काय शहाणपण?

बॅगेत वास येतोय? झाकणातली काळी रबरी रिंग काढून नखाने दाबा, दबून तशीच राहिली किंवा चिरा दिसल्या तर बदला. (भाकरीच्या डब्याला चिकटून कॅन ठेवणारेही आहेत, मग कळण्याची भाकरी पेट्रोलच्या वासाची खा.) कॅन फुगलाय? उन्हात उघडू नका, सावलीत गार होऊ द्या, मग झाकण थोडंसंच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावरच उघडा. ओतल्यावर गाडी मिसिंग करतेय तर कॅनमध्ये पाणी किंवा कचरा गेलाय समजा, पुढच्या वेळी जाळीचं नरसाळं घ्या.

ओतताना इंजिन बंद आणि गार, विडी-सिगरेटवाला लांब. टाकीवर सांडलं तर पुसून, वास उडाल्यावरच स्टार्टर मारा. आणि तरीही पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं, माती टाका, आणि आग मोठी झाली तर गाडी सोडून लांब पळा.